जिन्याखाली पुरली

छापखान्यात तिला सगळे अनुस्वार म्हणत. एक तर बाई अंगाने टिचभर, आणि वर कुणाच्याही डोक्यावर जाऊन बसायची खोड. एकतीस वर्षं मुद्रितं तपासल्यावर माणसाचं जे व्हायचं ते तिचं झालं होतं. पत्रिका हातात आली की ती आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहायची, लग्न कुणाचं आहे हे नंतर. घरच्यांना याचा वैताग यायचा, पण चार ओळी लिहायची वेळ आली की सगळ्यांना तीच आठवायची.

म्हणून घराच्या इतिहासाचं लोढणं दादाने तिच्याच गळ्यात अडकवलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने ते पडकं घर घेतलं तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. वाळवी, ओल, कबुतरं, काय नव्हतं त्यात. दादा-वहिनींनी त्या घरापायी हाडांची काडं केली. कुजलेल्या तुळया बदलल्या, सात सात थर रंग खरवडून मूळचं लाकूड वर काढलं, जुन्या खिडक्यांना जुन्याच घडणीच्या बिजागऱ्या मिळवल्या. आता घर इतकं देखणं झालं होतं की शहरातल्या जुन्या वास्तूंची समिती येत्या रविवारी त्याच्या दाराशी पाटी लावणार होती. पाटीसाठी दीडशे शब्द हवे होते, शुक्रवारपर्यंत. त्याच रविवारी अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, त्या घरात राहायला जाणार होते. जिन्याशेजारची खोली त्यांच्यासाठी तयार ठेवली होती.

खरं तर हे घर घ्यायचा हट्ट अप्पांचाच. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यात कुणाकडे कधी काही मागितलं नाही, पण हे घर विकायला निघाल्याचं कळलं तेव्हा म्हणाले होते, घ्यायचं तर तेच घ्या. आणि मध्यंतरी जिन्याखालची भिंत फोडून तिथे चपला-जोड्यांची सोय करायचं गवंड्याने सुचवलं, तेव्हा अप्पांनी काठी उगारली होती. त्या भिंतीला हात लावायचा नाही, एवढंच बोलले. दादाने म्हातारपणीचं खूळ म्हणून सोडून दिलं. भिंत राहिली.

घर पूर्वी एका मास्तरीणबाईंचं होतं. बाईंनी चाळीस वर्षं तिथे शिवणाचा वर्ग चालवला, एकट्याच राहिल्या, एकट्याच गेल्या. पुढे भाच्याने घर विकलं आणि त्याबरोबर कागदांची एक पेटीही देऊन टाकली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अनुस्वारने ती पेटी छापखान्यातल्या टेबलावर उघडली. कागदी बेतांच्या गुंडाळ्या, झिजलेली मापपट्टी, आणि जाड पुठ्ठ्याची एक वही. वहीत शाईने मापं लिहिलेली. छाती, कंबर, उंची, कापड किती वार. वाचून जांभया याव्यात असा मजकूर. तिने वही उलटी केली तेव्हा दिसलं की मागच्या बाजूनेही लिहिलेलं आहे, पण पेन्सिलीने, बारीक अक्षरात. एक तारीख आणि दोन-चार शब्द, की पुढची ओळ. विरामचिन्ह म्हणून औषधालाही नाही.

सवयीने तिने नुसती अक्षरं चाळली. आणि एका ओळीवर नजर अडकली.

धाकटी जिन्याखाली पुरली

तिने चष्मा पुसला. परत वाचलं. अक्षर स्वच्छ होतं, कुठे खाडाखोड नव्हती. पुढ्यातला डबा तिने न जेवताच बंद केला.

याचं कारण वाचणाऱ्याला सांगायला हवं. अप्पांना एक बहीण होती, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. नात्याने अनुस्वारची आत्या, पण आत्या म्हणायची वेळच आली नाही, कारण हिचा जन्म व्हायच्या आधीच ती नाहीशी झाली होती. घरात तिला धाकटी म्हणत. लग्नाला आठ महिने झाले नाहीत तोच मोडलेला हात गळ्यात बांधून ती माहेरी आली. आजोबा जमदग्नी. दिल्या घरी मेलीस तरी चालेल, पण इथे राहायचं नाही, असं त्यांनी सुनावलं आणि परत पोचवायचा दिवस ठरवला. त्या दिवशी सकाळीच धाकटी गेली. पळून गेली, तोंड काळं केलं, विषय संपला. लहानपणी कधी चुकून बोलणं निघालंच तर आजी एवढंच म्हणायची, पूल पडला त्या दिवशी गेली. आणि धाकटी कुठे जायची यायची, तर शिवणाच्या वर्गाला. याच घरात.

मंगळवारी तिने छापखान्याच्या तळघरातल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली काढल्या. धुळीने शिंका येऊन येऊन डोळे लाल झाले. नदीवरचा जुना पूल पडल्याची बातमी सापडली. पहिल्या पानावर, मोठ्या ठशात, एकसष्ट वर्षांपूर्वीची. तिने वहीतली तारीख शेजारी धरली. दोन दिवसांचा फरक होता. पूल पडला त्याच्या तिसऱ्या दिवशीची ती नोंद होती.

आता तुम्ही म्हणाल, बाईने सरळ जाऊन अप्पांना विचारायचं. बोलायला काय जातं. पण मनाला एकदा भुंगा लागला की तो साध्या वाटेने जाऊ देत नाही. तिला ती काठी आठवत होती. त्या भिंतीला हात लावायचा नाही. का नाही? अप्पांना काय ठाऊक होतं? आजोबांचा राग सगळ्या आळीला माहीत होता. रागाच्या भरात त्यांचा हात उठला असेल, मास्तरीणबाईंनी भीतीने तोंड मिटलं असेल, आणि बावीस वर्षांचे अप्पा, कधी बापापुढे ब्र न काढणारे, त्यांनी काय केलं असेल? नुसतं पाहिलं असेल, की हातभार लावला असेल? हा विचार आला तेव्हा ती फायली तशाच टाकून तळघरातून वर आली आणि गार पाण्याने तोंड धुतलं. ज्या माणसाने तिला पाटीवर पहिला श्री गिरवायला शिकवला, त्याच्याबद्दल आपण असा विचार करतो याची तिला शरम वाटली. तरी विचार जाईना.

संध्याकाळी ती घरी न जाता दादाच्या घरी गेली. दादा खिडकीच्या चौकटीला तेल लावत होता आणि वहिनी पडदे मोजत होत्या. ती जिन्यापाशी गेली आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली. बाकीच्या भिंती ठक्क वाजत होत्या. ही भद्द वाजली. आत पोकळी होती.

ती दादाला म्हणाली, ही भिंत फोडून बघू या. दादाने हातातला बोळा खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. रविवारी समिती येते आहे, कालच त्या भिंतीवर चुन्याचा शेवटचा हात दिला आहे, आणि तुला आज दुर्बुद्धी सुचली, असं बरंच काही तो बोलला. मग कशाला फोडायची, हे त्याने विचारलं. काय सांगणार? की तू दोन वर्षं जीव ओतलास त्या घराच्या पोटात आपली आत्या आहे? की ज्या खोलीत अप्पांचा पलंग लावलास तिच्या भिंतीपलीकडे? वहिनींनी तिचा चेहरा पाहून पाणी आणून दिलं आणि रक्तदाब तपासून घे म्हणाल्या.

बुधवारी सकाळी न्याहारीला अप्पा समोर बसले होते. ते तिच्याकडेच राहत. संत्र्याची साल ते नेहमी एका पट्टीत, न तोडता काढत, तशी काढत होते. ती त्यांचे हात पाहत राहिली. त्र्याऐंशी वर्षांचे सुरकुतलेले हात, नखं नीट कापलेली. अप्पांनी मान वर केली आणि विचारलं, बरं नाही का वाटत? तिने झोप झाली नाही म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं.

दीडशे शब्दांतला एकही लिहून झाला नव्हता. शुक्रवार दोन दिवसांवर होता. कामावर तिने त्या दिवशी पहिल्यांदाच एका कादंबरीच्या प्रकरणात अकरा चुका तशाच जाऊ दिल्या. जुळारी, म्हणजे पानं जुळवणारा तिचा जुना सहकारी, त्याने त्या पकडल्या आणि कागद परत तिच्यापुढे ठेवला. तेव्हा तिला कळलं की हे असं चालायचं नाही. वही लिहिणारी बाई गेली, पण वर्गात शिकलेल्या मुली कुणीतरी असतीलच. बटणं-दोरे विकणाऱ्या दुकानात चौकशी केल्यावर एक नाव निघालं. म्हणजे नाव नाही, धंदा निघाला. काजवाली. बाईंच्या हाताखाली वयाच्या पंधराव्या वर्षापासून काजं करणारी. अजून आहे, अजून करते.

गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून ती काजवालीकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर शहात्तर वर्षांची सडसडीत बाई, मांडीवर एक कोट. सुई न थांबवता तिने पाहुणीला बसायला सांगितलं. अनुस्वारने वही पुढे केली, बोट त्या ओळीवर ठेवलं, आणि तीन दिवस छळणारा प्रश्न विचारला. हिला कुणी पुरलं?

काजवालीने ओळ वाचली. मग अनुस्वारकडे पाहिलं. आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, सुई बाजूला ठेवावी लागली.

"अगं बाई, कापड कधी आणलंस का शिवायला?" ती म्हणाली. "दोन वार आणलं आणि झगा झाला तर काय म्हणतेस? पुरलं. नाही झाला तर खुटलं. बाईंच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. कापड पुरलं, दिवस पुरला, पोर पुरली."

तिने पानं उलटली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. थोरली माळ्यावर पुरली. घारी कोठीत पुरली. मायलेकी माळ्यावर पुरल्या. मध्येच एक, नुसती वाचूनही वाईट वाटावं अशी, उंच मुलगी मोरीत खुटली. म्हणजे ती सापडली, तिला ओढून नेलं, काजवाली म्हणाली, आणि त्या ओळीवरून तिने बोट लगेच उचललं. बाकीच्या निभावल्या. मार खाऊन आलेल्या, विकायला काढलेल्या, परत पाठवणार म्हणून पळालेल्या. बाई त्यांना दोन-तीन दिवस घरात दडवायच्या आणि मग कापडाच्या गठ्ठ्यांच्या गाडीतून पुढच्या गावी ओळखीच्या शिंपिणीकडे पोचवायच्या. पोचल्याचा निरोप आला की वहीत लिहायच्या, पुरली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईने एका पानावरची एक ओळ वाचली होती, आणि अलीकडचं पलीकडचं काहीच वाचलं नव्हतं.

अनुस्वारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सुटल्यासारखं वाटलं तिला. काजवालीने तिला रडू दिलं आणि मग पुढचं सांगितलं. धाकटी तिला चांगली आठवत होती. शिंपिणीकडे राहिली, पुढे स्वतःचं दुकान काढलं, लग्न मात्र फार उशिरा केलं, दोन मुलं झाली. काजवालीला अधूनमधून पत्र यायचं. अकरा वर्षांपूर्वी गेली, झोपेत, म्हणजे सुखाने.

"मग तिने आमच्या अप्पांना एक ओळसुद्धा का नाही पाठवली?" अनुस्वारने विचारलं. "तिच्या भावाला?"

काजवालीने कोट परत मांडीवर घेतला. सांगावं की नाही, याचा ती विचार करत असावी.

"तो भाऊच तर," ती म्हणाली. "बाप घर धुंडाळत होता, आणि हा जिन्याच्या पायरीवर बसला. जिन्याखाली कपाट होतं, त्याच्या दाराला पाय लावून. दोन तास हलला नाही. आत तिला त्याचे पाय दिसत होते, फटीतून. मला म्हणाली, भाऊ दारात बसला होता. पहाऱ्याला. मरेपर्यंत तिने ते मनात ठेवलं. बाई पण घाबरल्या. भावाला जागा कळली, आज ना उद्या बोलणार. पोर गाडीत बसवली आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून ते कपाट बुजवून टाकलं."

अनुस्वार जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा तिचं डोकं पार बधिर झालं होतं. मेलेलं माणूस जिवंत झालं होतं आणि जिवंत माणूस हातातून निसटत होतं. अप्पा खुनी नव्हते. पण बहिणीवर पहारा करणारा भाऊ होते. बापापुढे ब्र न काढणारा मुलगा आणखी काय करणार होता म्हणा. तिला वाटलं, हे आपल्याला कळलंच नसतं तर बरं झालं असतं. आणि मग वाटलं, आता कळलंच आहे तर विचारल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.

अप्पा तिच्या घरी नव्हते. दादाने त्यांना नवी खोली दाखवायला नेलं होतं. ती तशीच तिकडे गेली. दादा-वहिनी गच्चीवर कुंड्या लावत होते. अप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. ती त्यांच्या शेजारी बसली. पायरी दोघांना जेमतेम पुरली. तिने वहीतलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही त्या दिवशी इथे बसला होतात."

अप्पांनी तिला कुणी सांगितलं हे विचारलं नाही. समोरच्या दाराकडे बघत ते बोलायला लागले तेव्हा आवाज अगदी साधा होता. धाकटी कुठे गेली असेल, असं वडिलांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की शिवणाच्या वर्गाला. जीभ हासडून टाकावी असं वाटलं, पण सुटलेला शब्द परत येतो का? दोघे इथे आलो. वडील वर गेले. मी इथे उभा होतो. आणि जिन्याखालच्या कपाटाच्या दाराच्या फटीत निळं कापड अडकलेलं दिसलं. तिचं. बोटभर बाहेर आलेलं.

"म्हणून बसलो," अप्पा म्हणाले. "त्याच्यावर पाय ठेवून. वडील दोनदा इथूनच गेले. एकदा म्हणाले, ऊठ, बघू दे. मी म्हटलं, पाय मुरगळलाय, उठवत नाही. आयुष्यात त्यांच्याशी तेवढं एकच खोटं बोललो. दोन तास बसलो. आतून हूं नाही की चूं नाही. आठ दिवसांनी आलो तर तिथे भिंत. ताजी. मी बाईंना विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही. मला वाटलं, दार मीच दाबून धरलं होतं. आत हवा किती असणार. मीच तिला मारलं."

एकसष्ट वर्षं. अनुस्वारला काठी आठवली, हे घर घ्यायचा हट्ट आठवला, आणि तिच्या लक्षात आलं की तीन दिवसांत तिची जी दशा झाली, ती हा माणूस लग्न करून, नोकरी करून, मुलांना अक्षर शिकवून, आयुष्यभर भोगत आला होता. तिने अप्पांचा हात धरला. आणि सगळं सांगितलं. गाडी, शिंपीण, दुकान, दोन मुलं, अकरा वर्षांपूर्वीचं झोपेतलं मरण. पुरली म्हणजे काय, तेही. अप्पा ऐकत होते. मध्येच त्यांनी एकदा मागे वळून भिंतीवर तळवा ठेवला, चुना पूर्ण वाळला नव्हता, बोटांना लागला.

"दोन मुलं," ते म्हणाले. "तेव्हा चांगलंच झालं म्हणायचं." मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते विचारणार हे तिला वाटेतच कळलं होतं. "माझ्याबद्दल कधी काही बोलली का?"

अनुस्वार खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. मूळ प्रतीत नसलेला शब्द घुसडायचा नाही, हा तिचा धंद्याचा पहिला नियम. तिने ओळ होती तशी ठेवली.

"म्हणाली, भाऊ दारात बसला होता."

अप्पांनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं आणि तोंडभर हसू पसरलं, तिने त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तिला दिसलो होतो मी," ते म्हणाले. "कळलं होतं तिला."

काजवाली यानंतर एक शब्द म्हणाली होती, पहाऱ्याला. तो अनुस्वारच्या जिभेवर आला. अप्पा तिच्याकडे बघत होते, पुढे काही आहे का म्हणून.

"हो अप्पा," ती म्हणाली. "एवढंच म्हणाली."